कपबशी उलटी करून पाहा: जुन्या इंग्लिश चिनीमातीवरच्या खुणा आणि तिचं वय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीची साफसफाई झाली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कपाटाच्या वरच्या फळीवरून उतरवलेला टीसेट, पिवळी पडलेली पुरणाची मोठी बशी, कान तुटलेली किटली. सोबत एकच प्रश्न: “हे किती जुनं असेल गं?” फोटो नेहमी वरून काढलेला असतो. फुलं सुंदर दिसतात, सोनेरी कड चमकते, पण वय सांगणारा मजकूर असतो खाली, तळाशी. तेव्हा आधी भांडं उलटं करा आणि मग पुढे वाचा.

तळाशी काहीच छाप नाही. म्हणजे भांडं नकली आहे का?

नाही. अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची कितीतरी इंग्लिश भांडी कुठल्याही खुणेशिवाय भट्टीतून बाहेर पडली. त्या काळी छाप मारण्याची सक्ती नव्हती आणि बऱ्याच कारखान्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. शिवाय अख्ख्या सेटमध्ये चार-दोन नगांवरच छाप असणं अगदी नेहमीचं आहे. पुष्कळदा बशीवर असतो आणि कपावर नसतो. म्हणून एका कपावरून निकाल देऊ नका, सेटमधला प्रत्येक नग उलटा करा. साखरेच्या भांड्याचं झाकणही.

छाप वेगवेगळ्या प्रकारचे दिसतात. त्यांत फरक काय?

फरक मोठा आहे. माती ओली असताना ठसा दाबून उमटवलेली खूण बोटाला खोलगट लागते. ती नंतर कुणाला घालता येत नाही, त्यामुळे तिच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवावा. दुसरा प्रकार झिलईखाली, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराखाली, छापलेल्या खुणेचा. ही बहुधा निळी, काळी किंवा हिरवट असते, आणि नख फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटतं. तिसरा प्रकार झिलईवर रंगवलेल्या किंवा छापलेल्या खुणेचा. तिथे नखाला किंचित उंचवटा जाणवतो. अशी खूण खरवडून काढता येते आणि नव्याने घालताही येते. तळाला एखाद्या जागी झिलई मंद, घासल्यासारखी दिसली, तर तिथे पूर्वी काय होतं हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

छापील खुणा सर्रास दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. तीन-चार रंगांत छापलेली झगमगीत खूण दिसली, तर भांडं बहुधा विसाव्या शतकातलं.

छापातल्या शब्दांवरून साधारण काळ कळतो का?

कळतो, आणि घरबसल्या करता येण्यासारखं सगळ्यांत उपयोगी काम हेच. नियम एकच: छापात जे जे दिसतं, त्यातली सर्वांत उशिराची गोष्ट भांड्याचं वय ठरवते. बाकीच्या दहा गोष्टी कितीही जुन्या वाटल्या तरी.

‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर भांडं बहुतेक १८९१ नंतरचं. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ली जकात कायदा केला आणि मार्च १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. त्यामुळे इंग्लिश कारखान्यांनी छापच बदलले. ‘मेड इन इंग्लंड’ असा पूर्ण मजकूर असेल तर विसावं शतक धरून चाला. ‘ट्रेडमार्क’ हे शब्द १८६२ च्या कायद्यानंतरचे, आणि सर्रास दिसतात ते १८७५ नंतर. कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचा काळ. नक्षीचं नाव छापात दिलं असेल तर भांडं १८१० च्या आधीचं असण्याची शक्यता फार कमी. ‘बोन चायना’ असे शब्दच तळाशी छापले असतील तर विसावं शतक. आणि ‘डिशवॉशर सेफ’ लिहिलेला कप पणजीच्या लग्नातला असल्याचं कुणी सांगितलं, तर चहा घ्या आणि विषय बदला.

‘इंग्लंड’ शब्द नाही. म्हणजे नक्की १८९१ आधीचं?

हा निष्कर्ष घाईचा होतो, आणि आपल्याकडे तर विशेषच. कायदा अमेरिकेचा होता. मोठ्या कारखान्यांनी सोयीसाठी सगळ्याच मालावर देशाचं नाव छापायला सुरुवात केली, पण जो माल अमेरिकेला जाणारच नव्हता त्यावर ते घालायची सक्ती नव्हती. शब्द असला तर तो पुरावा असतो. नसला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खाली चक्क सालच लिहिलं आहे! मग शंका कसली?

सर्वांत जास्त फसगत इथेच होते, आणि मीही फसले आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मला निळ्या-सोनेरी कडेची बशी मिळाली. तळाशी हिरवा मुकुट, ‘कोलपोर्ट’ हे इंग्लिश कारखान्याचं नाव आणि ‘ए.डी. १७५०’. विक्रेता म्हणाला, “अडीचशे वर्षांची आहे ताई, मी कमीच सांगतोय.” मी आनंदाने पैसे मोजले. घरी आल्यावर किमतीचं चिकटवलेलं लेबल कोमट पाण्यात भिजवून काढलं. त्याच्या खाली नीटनेटक्या अक्षरांत होतं: ‘मेड इन इंग्लंड’.

१७५० हे साल कोलपोर्टने आपल्या परंपरेचा मान म्हणून छापात घातलं होतं, आणि तो मुकुटाचा छाप वापरात आला साधारण १८८१ पासून. पुढे त्यात ‘इंग्लंड’ आलं आणि १९२० च्या सुमारास ‘मेड इन इंग्लंड’. माझी बशी शंभर वर्षांची असेल-नसेल. अडीचशेची नक्कीच नाही.

असंच रॉयल वूस्टर या कारखान्याचं. त्यांच्या गोल छापाच्या मधोमध ‘५१’ हा आकडा असतो, आणि लोक त्याचं १८५१ किंवा १९५१ करून टाकतात. तो आकडा १७५१ चा, म्हणजे डॉ. जॉन वॉल आणि त्यांच्या भागीदारांनी वूस्टरचा कारखाना उभा केला त्या सालाचा. रॉयल अल्बर्ट या कारखान्याच्या ‘ओल्ड कंट्री रोझेस’ या प्रसिद्ध गुलाबांच्या नक्षीखाली १९६२ दिसतं, कारण ती नक्षी त्या साली बाजारात आली. तीच नक्षी पुढे कित्येक दशकं निघत राहिली आणि अलीकडे तर इंडोनेशियातही बनली. थोडक्यात, छापातलं साल बहुधा कारखान्याच्या किंवा नक्षीच्या जन्माचं असतं, भांड्याच्या नाही.

चौकटसारखी एक आकृती आहे, तिच्या कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे आहेत. ते काय?

हे मिळालं तर नशीब उघडलं म्हणा. पत्त्यांतल्या चौकटसारखी दिसणारी ही आकृती म्हणजे ब्रिटिश सरकारकडे नक्षीची किंवा घाटाची नोंदणी केल्याची खूण. ती १८४२ ते १८८३ या काळात वापरली गेली. वरच्या टोकाला लहान वर्तुळात रोमन चार असतो. तो मालाचा वर्ग, म्हणजे चिनीमाती. बाकी कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि नोंदणीच्या गठ्ठ्याचा क्रमांक.

घोळ असा की १८६८ पासून या गोष्टींच्या जागा बदलल्या. १८४२ ते १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वर, त्या वर्तुळाच्या लगेच खाली. महिना डावीकडे, दिवस उजवीकडे आणि गठ्ठा तळाशी. १८६८ ते १८८३ या काळात दिवस वर, वर्ष उजवीकडे, महिना तळाशी, गठ्ठा डावीकडे. म्हणून आधी एवढंच पाहा: वर, त्या वर्तुळाच्या लगेच खाली, अक्षर आहे की आकडा? अक्षर असेल तर पहिला काळ, आकडा असेल तर दुसरा.

समजा वर १०, उजवीकडे ‘एस’, तळाशी ‘एम’ आणि डावीकडे ३ आहे. वर आकडा म्हणजे दुसरा काळ. त्या काळात ‘एस’ म्हणजे १८७५ आणि ‘एम’ म्हणजे जून. तेव्हा नोंदणी १० जून १८७५ ची. हाच ‘एस’ वरच्या कोपऱ्यात असता तर साल १८४९ झालं असतं. वर्षाची अक्षरं ओळीने येत नाहीत: एक्स १८४२, एच १८४३, सी १८४४, ए १८४५, आय १८४६ असा उड्या मारत क्रम जातो, आणि दुसऱ्या काळात १८६८ ला पुन्हा एक्सपासून सुरू होतो. महिन्यांचंही तसंच: सी जानेवारी, जी फेब्रुवारी, डब्ल्यू मार्च, एच एप्रिल, ई मे, एम जून, आय जुलै, आर ऑगस्ट, डी सप्टेंबर, बी ऑक्टोबर, के नोव्हेंबर, ए डिसेंबर.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात असू द्या. ही तारीख नोंदणीची आहे, भांडं घडवल्याची नाही. नोंदणीनंतर तोच माल पुढे कित्येक वर्षं निघत असे. त्या तारखेच्या आधीचं मात्र ते भांडं असूच शकत नाही. नोंदणीच्या मूळ वह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत नोंदणी करणाऱ्याचं नावही मिळतं. कारखान्याचं नाव नसलेल्या भांड्याचा मालक यातून सापडू शकतो.

‘आर.डी. नंबर’ असं लिहून पुढे पाच-सहा आकडी संख्या आहे.

हा नोंदणी क्रमांक. १८८४ पासून चौकट गेली आणि साधे क्रमांक आले, एकपासून सुरू झालेले. १८८५ सुरू होताना ते विसाच्या हजाराला टेकले होते, १८९० च्या सुरुवातीला सुमारे १,४१,०००, १८९५ ला सुमारे २,४७,००० आणि १९०० ला सुमारे ३,५१,००० पर्यंत पोचले. तेव्हा तुमच्या बशीवर २९ हजारांतला क्रमांक असेल तर नोंदणी १८८५ मधली. इथेही तोच इशारा: क्रमांक नक्षीचा आहे, बशीचा नाही.

आमच्याकडे ‘वेजवुड’ आहे. खरंच वेजवुड का?

स्पेलिंग एकेक अक्षर करून वाचा. जोसाया वेजवुड या कुंभाराने १७५९ मध्ये इंग्लंडातल्या बर्स्लेम गावी स्वतंत्र काम सुरू केलं. त्याच्या नावात ‘जी’ला लागूनच ‘डब्ल्यू’ येतो. या दोघांच्या मध्ये ‘ई’ घुसलेला असेल, तर तो माल दुसऱ्याच कुणाचा. नावाच्या साम्यावर पोट भरणारे तेव्हाही होते. ‘वेजवुड अँड कंपनी’ असं लिहिलेलं असेल तर ती टन्स्टॉल गावची वेगळी कंपनी.

खऱ्या वेजवुडवर १८६० पासून तीन अक्षरं दाबून उमटवलेली मिळतात. पहिलं महिन्याचं, दुसरं घडवणाऱ्या कारागिराचं, तिसरं वर्षाचं. वर्षाची अक्षरं १८६० ला ‘ओ’पासून सुरू झाली, ‘झेड’पर्यंत गेली, मग १८७२ ला ‘ए’ आला आणि १८९८ ला पुन्हा ‘ए’. म्हणजे शेवटी ‘ओ’ असेल तर भांडं १८६० चं की १८८६ चं, हा प्रश्न उरतोच. १९०७ पासून पहिल्या अक्षराच्या जागी ३ हा आकडा आला, त्यामुळे पुढचा घोळ कमी झाला. शिवाय पातळ बोन चायनावर पोर्टलंड फुलदाणीचं (ही एक प्रसिद्ध प्राचीन रोमन काचेची फुलदाणी) चित्र छापलेलं असेल तर ते १८७८ किंवा त्यानंतरचं. सहसा एकच खूण वर्ष सांगत नाही. दोन-तीन खुणा एकमेकींना आवळत आणतात, तेव्हा साल सापडतं.

दुसऱ्या कारखान्यांचेही असे संकेत आहेत का?

मोठ्या घरांचे आहेत. माझं सगळ्यांत लाडकं वूस्टरचं. १८९१ मध्ये त्यांनी गोल छापाभोवती ‘रॉयल वूस्टर इंग्लंड’ लिहायला सुरुवात केली, १८९२ ला एक ठिपका वाढवला, १८९३ ला दोन, आणि असं करत करत १९१५ ला चोवीस ठिपके झाले. सहा ठिपके म्हणजे १८९७. भिंगातून ठिपके मोजत बसण्यात एक वेगळंच सुख आहे, पाडव्याला रांगोळीचे ठिपके मोजल्यासारखं. १९१६ ला जागाच संपली आणि त्यांनी खाली तारा काढला.

रॉयल डोल्टनला ‘रॉयल’ मिळालं १९०१ मध्ये. सिंह आणि मुकुट असलेला छाप त्यानंतरचा. सिंहाच्या बाजूला छोटा आकडा दिसला तर त्यात १९२७ मिळवा: १३ असेल तर १९४०. रॉयल क्राउन डर्बीला हे पूर्ण नाव राणी व्हिक्टोरियाने १८९० मध्ये दिलं. वर्षाची चिन्हं ते १८८० पासून वापरत होते आणि १९३८ पासून रोमन आकडे, पहिला १९३८ चा. मिंटनची चिन्हं १८४२ ते १९४२ अशी पूर्ण शंभर वर्षं चालली. त्यांच्या नावाला शेवटी ‘एस’ लागला असेल तर भांडं साधारण १८७३ नंतरचं.

सिंह आणि एकशिंगी घोडा असलेलं राजचिन्ह आहे. राजघराण्याचं भांडं का?

नाही हो. स्टॅफर्डशर या इंग्लंडातल्या चिनीमातीच्या परगण्यातल्या शेकडो कुंभारांनी हे चिन्ह बिनदिक्कत वापरलं. पण कामाला येतं: ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असेल तर ते चित्र १८३७ आधीचं, कारण व्हिक्टोरिया गादीवर आल्यावर हॅनोव्हर या जर्मन राज्याची ती ढाल गळली.

नुसती दोन-तीन अक्षरं आहेत. कुणाची ते कसं शोधायचं?

कष्टाचं काम. स्टॅफर्डशरमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या सहा कुंभारगावांत (टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन, लाँग्टन) एकाच आद्याक्षरांचे चार-चार मालक होते. शेवटचं अक्षर कधीकधी गावाचं असतं, ‘एच’ म्हणजे हॅनली, ‘बी’ म्हणजे बर्स्लेम. आणि गाठ मारलेल्या दोरीचं चित्र असेल तर ती स्टॅफर्डशर परगण्याची खूण. ती कुणा एका कारखान्याची मक्तेदारी नाही.

निळ्या झाडाखाली पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. ही चिनी आहे ना?

ही ‘विलो’ नक्षी. दिसायला चिनी, जन्माने इंग्लिश, अठराव्या शतकाच्या अखेरीची. प्रेमिकांची जी गोष्ट तिच्याबरोबर सांगतात, तीही इंग्लंडातच रचलेली. ही नक्षी इतक्या कारखान्यांनी काढली आणि आजही निघते, की नक्षीवरून वय सांगणं व्यर्थ. तळाचा छाप वाचा.

शिकारीची चित्रं असलेली निळी-पांढरी ताटली आहे. हत्ती, वाघ, पगडीवाले लोक. भारतातली का?

चित्रं भारताची, ताटली इंग्लंडची. स्पोड या इंग्लिश कारखान्याने साधारण १८१५ च्या सुमारास ही शिकारमालिका काढली. बंगालमध्ये बरीच वर्षं नोकरी केलेल्या टॉमस विल्यमसन या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याच्या शिकारवर्णनांसाठी सॅम्युअल हॉविटने जी चित्रं काढली, ती या ताटल्यांवर उतरली. जेवणाच्या ताटलीवर अस्वलाच्या शिकारीचा प्रसंग आहे. ताटलीच्या पाठीमागे प्रसंगाचं नाव निळ्या शाईत छापलेलं असतं.

पण स्पोडचा इतिहास ध्यानात ठेवा. १८३३ ते १८४७ कोपलंड अँड गॅरेट, १८४७ पासून डब्ल्यू. टी. कोपलंड, आणि ‘स्पोड’ हे नाव विसाव्या शतकात पुन्हा मोठ्या अक्षरांत आलं. तेव्हा ‘स्पोड’ आणि ‘इंग्लंड’ हे दोन्ही शब्द एकाच छापात असतील, तर ती ताटली सुरुवातीच्या काळातली नाही.

जहाजाच्या नांगराची सोनेरी खूण आहे. ती चेल्सीची, म्हणजे फार मौल्यवान ना?

लंडनच्या चेल्सी कारखान्याने १७५६ ते १७६९ दरम्यान सोनेरी नांगर काढला, त्याआधी काही वर्षं लाल. खरा नांगर इतका लहान असतो की तो शोधावा लागतो. दुरून ठसठशीत दिसला, तर एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या सॅम्सनसारख्या नक्कल करणाऱ्यांकडे बोट दाखवावं लागतं. चेल्सीची माती मऊ जातीची, नकला कठीण पोर्सेलिनच्या (पोर्सेलिन म्हणजे उजेड आरपार जाणारी चिनीमाती).

बोन चायनात खरंच हाडं असतात?

असतात. हाडांची राख साधारण निम्मी, उरलेल्यात इंग्लंडातल्या कॉर्नवॉल भागातला ‘चिनी दगड’ आणि पांढरी माती. जोसाया स्पोड दुसरा याने अठराव्या शतकाच्या शेवटी हे मिश्रण पक्कं केलं. शाकाहारी घरातल्या आजीला हे सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझ्या आजीला सांगितलं नव्हतं.

ओळखायला सोपं: भांडं दिव्यासमोर धरा आणि मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन किंवा बोन चायना. अजिबात उजेड आला नाही तर मातीचं भांडं, दगडी चिनीमाती किंवा आयर्नस्टोन ही जाड, टणक जात. आयर्नस्टोनचं पेटंट चार्ल्स जेम्स मेसनने १८१३ मध्ये घेतलं. जुन्या मातीच्या ताटल्यांच्या तळाशी तीन-तीन बारीक टिंबं एकत्र दिसतात. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ठेवलेल्या टेकूंच्या त्या जखमा. आणि तळाच्या कड्यापाशी झिलई साचून निळसर दिसत असेल, तर १७८० ते १८३० च्या पर्लवेअरकडे, म्हणजे निळसर झिलईच्या इंग्लिश मातीच्या भांड्यांकडे, नजर वळवा.

किंमत किती येईल?

छाप कारखाना सांगतो, किंमत सांगत नाही. टवका, बारीक चीर, झिजलेलं सोनं आणि तुटका जोड यांनी भाव धाडकन पडतो. एकटा कप आणि पूर्ण सेट यांच्यातही जमीन-अस्मानाचा फरक. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि लिलावात एकाच भांड्याला वेगळे भाव मिळतात. इंग्लंडात साधे टीसेट आज कुणी फारसे घेत नाही, हेही सांगून ठेवते.

परदेशातल्या मुलीला पाठवता येईल?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर विमानतळावर सामान अडकतं.

रोज वापरू का?

चहा प्या, पण लोणचं, चिंच, लिंबू घातलेलं काहीही त्यात मुरत ठेवू नका. जुन्या झिलईत शिसं असायचं. धुताना सिंकमध्ये खाली टॉवेल पसरा, आणि तळाशी चिकटवलेलं कुठलंही लेबल घासून काढू नका, भिजवून काढा.